कॉन्ट्रा: पार्लरातला खरा की घरच्या टीव्हीवरचा?

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी.

पोळ्याआधी घर रंगवायला काढलं म्हणून माळ्यावरचं सगळं खाली उतरवलं. बाबांचा रेडिओ, तिफणीचं चाडं, आणि युरियाच्या पोत्यात गुंडाळलेला आमचा टीव्ही गेम. पांढरा डबा आता हळदीसारखा पिवळा पडला आहे. सोबत दोन रिमोट, चार कॅसेट (त्यातली एक कॉन्ट्रा, पळत पळत गोळ्या झाडायची गेम) आणि बदकं मारायची बंदूक. बंदुकीची वायर उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडली आहे.

हा गेम बाबांनी १९९६ च्या दिवाळीला कबूल केला होता. कापसाचा चुकारा हाती पडला संक्रांतीला, तेव्हा ते यवतमाळला गेले आणि रात्रीच्या शेवटच्या एसटीनं डबा मांडीवर घेऊन आले. गावात आमच्याच घरी कलर टीव्ही होता असं नाही, पण गेम आमच्याच घरी होता. उन्हाळ्यात ओसरीवर पंधरा-वीस पोरं बसायची. ज्याची लाईफ संपली त्यानं रिमोट पुढच्याच्या हातात द्यायचा, हा नियम आईनं घालून दिलेला.

परवा बारा वर्षांचा भाचा म्हणाला, "मामा, हा कॉन्ट्रा ओरिजनल नाही. ओरिजनल मशीनवर होता, कॉइन टाकायची तो." आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवला. त्याचं खरं आहे. कोनामी कंपनीनं कॉन्ट्रा काढला १९८७ मध्ये तो व्हिडिओ गेम पार्लरच्या मशीनसाठी. घरच्या टीव्हीसाठीचा १९८८ मध्ये आला. मी पार्लरातला कॉन्ट्रा चाळिशीत पहिल्यांदा पाहिला, तोही मोबाईलवर. आपल्या गावाच्या नावाचं दुसरंच गाव पाहावं तसं झालं. मशीनचा पडदा उभा आहे. माणसं मोठी आहेत, रंग दाट आहेत. धबधबा तोच, झाडी तीच, पण माझं बोट जिथं आपोआप उडी मारतं तिथं उडी मारायची जागाच नाही.

तेव्हापासून मी दोन्ही नीट लावून पाहतोय आणि माझं मत पक्कं होत चाललं आहे. मशीनवर शेवटी एकच टप्पा आहे. घरच्या आवृत्तीत त्याच टप्प्याच्या चार वेगळ्या लेव्हल केल्या: बर्फाची, आगीच्या झोतांची, हँगरची आणि शेवटची राक्षसाच्या पोटातली. म्हणजे आपण ज्या लेव्हलसाठी रात्री जागलो, त्या मशीनवर जवळजवळ नव्हत्याच. ज्यांनी घरची कॅसेट बनवली त्यांनी मोठ्या मशीनचा खेळ दाबून डब्यात बसवला असं मला वाटत नाही. त्यांनी तो नव्यानं बांधला. पार्लरच्या मशीनला तुमचा रुपया दोन-तीन मिनिटांत संपवायचा असतो, कारण मागे रांग उभी आहे. घरच्या कॅसेटला तुम्हाला महिनोन् महिने पुरायचं असतं. एवढा फरक असल्यावर खेळाची बांधणी बदलणारच.

आता दोन गोष्टी विचारतो. पहिली, तुम्ही कोणती गेम आधी कुठं खेळलात, आणि घरी आल्यावर तिच्यात काय कमी झालं, काय वाढलं? दुसरी, आमचा डबा चालू होत नाही. लाल दिवासुद्धा लागत नाही. कोणाला यातलं कळतं का?

कॉइनबॉक्स

पऱ्हाटीभाऊ, धागा वाचून जीव हरकला. पण म्या पार्लरवाल्यायच्या बाजूनं बोलीन.

मी पुसदचा. बसस्टँडच्या बाजूनं एक पार्लर होतं, टिनाचं. आत सात मशिनी. तान्ह्या पोळ्याले लाकडाचा बैल घेऊन घरोघर फिरलो का जो बोजारा जमे, तो सबन थ्या मशिनीच्या पोटात जाये. उन्हायात टिन तापे, आंगातून घामाच्या धारा निंगत, पण कोणी बाहीर येत नसे. कारण आतमंदी मुस्तफा होता.

ज्यायले माईत नाही त्यायच्यासाठी सांगतो. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनीची, १९९३ ची. चार खेळाडू: जॅक, हॅना, मुस्तफा अन् मेस. मुस्तफा पयत जाऊन लाथ मारे आन् नाव आपल्यासारखं वाटे, म्हून आख्ख्या देशात पोट्ट्यायनं गेमलेच मुस्तफा म्हटलं. एका मशिनीवर तिघं जण संगं खेयत. मोटारगाडीची लेव्हल आली का मांगचे दहा जण वरडत. हे घरी कसं होईन, सांगा?

आन् ऐका, हा माझा मेन मुद्दा हाये. मुस्तफा घरच्या टीव्हीवर कधी आलाच नाही. कोणत्याच डब्यावर नाही. सेगाच्या सीडीवाल्या मशीनवर त्याच नावाची एक गेम निंगाली होती, पण थ्यात फक्त गाडी चालवाची, आपला मुस्तफा नाही. २०१८ मंदी कॅपकॉमनं आपल्या मारामारीच्या सात जुन्या गेमा एकत्र करून काढल्या. फायनल फाईट हाये, कॅप्टन कमांडो हाये, नाईट्स ऑफ द राऊंड हाये. मुस्तफा नाही. गेम एका कॉमिकवरून बनवलेली, त्याच्या हक्काचं पाहा लागते, म्हून थो मांगंच रायला.

म्हंजे आपल्या इकडच्या पोट्ट्यायची सगळ्यात लाडकी गेम पार्लर बंद झालं त्या दिवशी संपली. घरच्या आवृत्तीले खरी म्हणाल, तर मुस्तफाचं काय म्हणसान?

पऱ्हाटी

भाऊ, हे मला माहीतच नव्हतं. मी समजत होतो की कुठंतरी कॅसेट असेल आणि आपल्यापर्यंत पोहोचली नसेल.

जत्रेचा तंबू

आमच्याकडे पार्लर नव्हतंच. वर्षातून एकदा बहिरमच्या यात्रेत मशिनी यायच्या. टेम्पोतून उतरवायचे, ताडपत्रीखाली ओळीनं मांडायचे, मागे जनरेटर. यात्रा महिनाभर चालायची, पण आम्हाला नेत एक दिवस. घरचे लोक हंडीचं मटण आणि रोडगे करण्यात गुंतले की आम्ही तंबूत. जनरेटरवर लोड आला की पडद्यावरचं चित्र चारही बाजूंनी आत ओढलं जायचं, विमानं अंगठ्याएवढी व्हायची, आणि तशातही पोरं खेळत राहायची.

मी तिथं विमानाची गेम खेळायचो. नाव १९४२, कॅपकॉमची, १९८४ ची. पुढं मोठ्या भावानं परतवाड्यावरून टीव्ही गेम आणला आणि त्यात तीच गेम निघाली. आनंद झाला तो पाच मिनिटं. चित्र लुकलुकायचं, आणि आवाज म्हणजे अखंड टिकटिक, आईनं शेवटी टीव्हीचा आवाज बंदच करायला लावला. त्या वेळी मला वाटायचं आमची कॅसेट खराब आहे. नंतर कळलं, १९८५ ची ती घरची आवृत्तीच तशी होती, दुसऱ्या लहान कंपनीकडून करून घेतलेली. पऱ्हाटीदादा, कॉन्ट्रा नव्यानं बांधला हे मान्य, पण सगळ्यांचं नशीब कॉन्ट्रासारखं नव्हतं.

संत्राबाग

मी सहसा फक्त वाचते, पण इथं लिहावंसं वाटलं.

मी वरुडकडची. आठवीपासून तालुक्याला एसटीनं जायचे. स्टँडच्या मागे पार्लर होतं, दारावर निळा पडदा. त्या पडद्याच्या आत मी कधीही गेले नाही. आमच्या शाळेची एकही मुलगी गेली नाही. कोणी बोर्ड लावला नव्हता, पण जायचं नसतं हे सगळ्यांना माहीत होतं. बस उशिरा आली की मी आणि माझी मैत्रीण बाकावर बसून आवाज ऐकायचो. काही दिवसांनी आवाजावरून ओळखता यायला लागलं की आत काय चालू आहे. दाणे खाल्ल्यासारखा वाकावाका आवाज आला की ती एक. मध्येच सायरन चढत जायचा. मग एक खालीखाली उतरणारा सूर, म्हणजे आतला मुलगा मेला. त्या आवाजांना चित्र नव्हतं. चित्र मी मनानं लावायचे.

नागपूरच्या मामेभावानं बारावीला गेल्यावर त्याचा टीव्ही गेम आम्हाला देऊन टाकला. दुपारी दादा बागेत ओलीत करायला गेला की डबा माझा. एका कॅसेटमध्ये खूप गेम होत्या, मी एकेक लावत होते, आणि अचानक टीव्हीतून तो वाकावाका आवाज आला. मी जागची उठून उभी राहिले. दोन वर्षं ऐकलेल्या आवाजाला त्या दिवशी तोंड मिळालं: पिवळं, उघडमीट करणारं.

म्हणून कॉइनबॉक्सदादा, तुमचं पार्लर खरं होतं, पण ते अर्ध्या गावासाठी होतं. माझ्यासाठी घरचीच आवृत्ती आहे, दुसरी कुठली नाही.

आता थोडं माहितीचं. पॅकमॅन नामको कंपनीनं १९८० मध्ये काढला, तोरू इवातानी यांनी. चार भुतांना चार स्वभाव दिले आहेत. लाल सरळ तुमच्या मागे लागतं. गुलाबी तुम्ही जिकडे तोंड करून पळताय त्याच्या चार घरं पुढची जागा धरतं. निळं लालकडे आणि तुमच्याकडे दोन्हीकडे बघून ठरवतं. केशरी लांब असलं की अंगावर येतं आणि जवळ आलं की आपल्या कोपऱ्याकडे पळतं. मी हे कुठं वाचलं नव्हतं तेव्हा, पण दुपारच्या त्या खेळात मला गुलाबीची खोड कळली होती. तोंड क्षणभर उलटं फिरवलं की ते चकायचं. आज मी कनिष्ठ महाविद्यालयात कॉम्प्युटर शिकवते आणि नियम म्हणजे काय हे समजावताना फळ्यावर हीच चार भुतं काढते.

मशीनचा पडदा उभा होता, घरचा टीव्ही आडवा. म्हणून फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या जपानमधल्या टीव्ही गेमच्या, पॅकमॅनमध्ये, तो १९८४ चा, चक्रव्यूह आखूड करून डावीकडे सरकवला आणि गुण उजवीकडच्या मोकळ्या जागेत लिहिले. त्याच्या आधी १९८२ मध्ये अटारीच्या डब्यासाठी पॅकमॅन निघाला होता, त्याची गोष्ट अवघड आहे. अटारी २६०० च्या डब्यात चालू स्मृती होती १२८ बाईट. किलोबाईट नाही, बाईट. कॅसेट ४ किलोबाईटची. टॉड फ्राय नावाच्या एका माणसानं ती लिहिली. यंत्राला चार भुतं एका वेळी दाखवता येईनात, तेव्हा प्रत्येक चित्रात एकच भूत काढायचं आणि पाळीपाळीनं बदलायचं असा मार्ग त्यानं काढला. म्हणून ती भुतं लुकलुकतात. लोक आजही त्या गेमला नावं ठेवतात. मी १२८ बाईटचा हिशोब मुलांना करायला लावते. हा परिच्छेदसुद्धा १२८ बाईटमध्ये मावणार नाही, त्याच्यात तो माणूस चक्रव्यूह, चार भुतं, गुण आणि लाईफ सांभाळत होता. मला त्याच्याबद्दल आदरच वाटतो.

आणि डाँकी काँग! घरी माझी सगळ्यात आवडती. तीन लेव्हल, मग पुन्हा पहिली. कित्येक वर्षांनी कळलं की मशीनवर चार होत्या. निन्टेन्डोची मशीनवरची गेम १९८१ ची, त्यात २५, ५०, ७५ आणि १०० मीटर असे चार मजले. १९८३ च्या जुलैमध्ये फॅमिकॉम बाजारात आला, त्याच दिवशी डाँकी काँगची कॅसेट आली, आणि तिच्यात ५० मीटरचा मजला गाळलेला होता. सरकत्या पट्ट्यांवरून सिमेंटची घमेली जातात तो. कॅसेट २४ किलोबाईटची, जागाच नव्हती. निन्टेन्डोनं २०१० मध्ये तो मजला घालून आवृत्ती काढली, आणि मी तो वयाच्या अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा चढले. हात थरथरत होते. खरं सांगते.

कॉइनबॉक्स

ताई, निया पडद्याचं वाचून चूप झालो. आमच्या पार्लरातही एक पोरगी आली नाही कधी. आमी थ्याचा विचारच केला नाही. माझी बहीण दारापर्यंत ये मले बलवाले, आन् भाईरूनच हाक मारे. थे आत्ता याद आलं.

सोल्डरवाला

आर्वीला माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. टीव्ही, मिक्सर, पंपाचे स्टार्टर. हे डबे १९९४ पासून माझ्या हातून गेले आहेत, तेव्हा आधी पऱ्हाटीच्या डब्याचं बघू.

दिवा लागत नाही म्हणजे बहुधा वीज आतपर्यंत पोहोचत नाही. नवीन ॲडॉप्टर आणून लगेच लावू नका. काही डब्यांना पिनच्या आत उणे लागतं, काहींना अधिक, आणि आपल्याकडे लोकांनी जे मिळेल ते ॲडॉप्टर लावलेलं असतं. डबा उलटा करा, स्क्रू काढा. पत्र्याला जोडलेला तीन पायांचा एक काळा भाग दिसेल, त्यावर ७८०५ लिहिलेलं असतं. तो नऊ-दहा व्होल्ट घेऊन पाच देतो. अक्षरं आपल्याकडे धरली की डावा पाय आत येणारी वीज, मधला अर्थिंग, उजवा बाहेर जाणारी. मीटर लावून बघा. डाव्यावर नऊ आणि उजव्यावर शून्य असेल तर तोच गेला आहे, अगदी स्वस्त भाग आहे, कोणीही बदलून देईल. डाव्यावरच काही नसेल तर ॲडॉप्टरची वायर किंवा स्विच.

कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारली. तोंडाची वाफ पितळी पट्ट्यांवर बसते आणि वर्षांनी त्या काळ्या पडतात. कॅसेट चालू व्हायची ती फुंकरीनं नाही, काढून परत बसवल्यानं. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.

डब्याच्या आत एकच हिरवी पट्टी आणि मधोमध डांबरासारखा काळा थेंब दिसला तर घाबरू नका. फॅमिकॉममध्ये जे वेगवेगळे मोठे आयसी होते, ते सगळे त्या थेंबाखाली एका चिपमध्ये आहेत. आपल्याकडचे जवळजवळ सगळे डबे या जातीचे. समुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर, नावं वेगळी, आत फॅमिकॉमचीच बुद्धी. म्हणून कॅसेटही फॅमिकॉमसारखी साठ पिनांची.

आता तुमच्या मूळ वादात भर घालतो. जपान-अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा. आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५०. कॉन्ट्रा लिहिला आहे ६० वर, आणि त्याची प्रत्येक हालचाल चित्र मोजून होते. चित्रं ५० झाली की हालचालही तेवढी मंदावते. जपानमध्ये ज्या पळापळीला एक मिनिट लागतं तिला आपल्या घरी ७२ सेकंद लागले. आपल्या डब्यांची चिप अशी होती की सूर जवळपास तोच राहायचा, ताल तेवढा संथ. माझ्या मुलानं नेटवर मूळ संगीत लावलं तेव्हा मी म्हणालो, अरे हे कोणी पळवलं आहे. पळवलं नव्हतं. तेच बरोबर होतं.

म्हणजे पार्लरातला एक कॉन्ट्रा, जपानच्या घरातला दुसरा, आणि आपल्या ओसरीवरचा तिसरा. गोळी चुकवायला आपल्याला थोडा जास्त वेळ मिळत होता.

पऱ्हाटी, डबा चालू झाला की एक बघून सांगा. पहिल्या लेव्हलला जंगलातली पानं हलतात का?

पऱ्हाटी

७२ सेकंदांचं वाचून रात्री झोप लागली नाही. सकाळी नेटवरून मूळ संगीत ऐकलं. भाऊ, अगदी खरं! आमच्याकडे ते संथ होतं.

मीटर आहे घरी, मोटारपंपासाठी घेतलेला. रविवारी उघडतो. पानांचं काय?

सोल्डरवाला

आधी बघून सांगा, मग सांगतो.

तुरीची शेंग

मी बावीस वर्षांची, इथली सगळ्यात लहान असेन. मी हे सगळं मोबाईलवर इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, खेळले आहे. मशीनची मूळ आवृत्तीच मोबाईलवर चालते, तर मग घरच्या आवृत्तीची गरज काय राहिली? हा खरंच प्रश्न आहे, वाद घालत नाही.

संत्राबाग

चांगला प्रश्न आहे, बाळा. मेम नावाचा प्रोग्राम निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केला, त्यामुळे मशीनची आवृत्ती जगली. मुस्तफासुद्धा तसाच जगला आहे. पण घरच्या आवृत्त्या वेगळ्या कलाकृती आहेत हे पऱ्हाटीदादांचं म्हणणं मला पटतं. एक उदाहरण देते.

वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए. कॉन्ट्राच्या तीस लाईफ. हा मंत्र आपल्या गावागावात कोणी शिकवला ते देव जाणे, पण तो पार्लरातून आलेला नाही. कोनामीची ग्रेडियस नावाची विमानाची गेम मशीनवरून फॅमिकॉमवर आणायचं काम १९८६ मध्ये काझुहिसा हाशिमोतो यांच्याकडे होतं. गेम इतकी कठीण की तपासायला त्यांना स्वतःला शेवटपर्यंत जाता येईना. म्हणून त्यांनी बटणांचा हा क्रम स्वतःसाठी घातला आणि तो कॅसेटमध्ये तसाच राहिला. मशीनवर रुपया होता, म्हणून तिथं असं काही असणं शक्यच नव्हतं. घरी आणताना त्या माणसाला जी अडचण आली, तिच्यातून तो मंत्र जन्मला. २०२० मध्ये ते गेले. त्या दिवशी मी वर्गात तो क्रम फळ्यावर लिहिला होता.

कॉइनबॉक्स

हे मस्त सांगतलं ताई. मानलं.

पण दुसरी बाजूही लिवतोच. फायनल फाईट आठवते? १९८९ ची, दोघं खांद्याले खांदा लावून गुंडायले मारत चालले. निन्टेन्डोच्या पुढच्या डब्यावर, सुपर निन्टेन्डोवर, १९९० मंदी घरी आली तं दोघांची गेम एकट्याची केली! तिघांतला गाय नावाचा गडी गायब, कारखान्याची एक लेव्हल गायब. म्या नंतर कंप्युटरवर पायलं. भाऊ संगं खेयाची गेम, आन् भावालेच भाईर बसवलं. थे काही नवी बांधणी नोहय, थे घर अर्धं पाडणं झालं.

चांगलं केलेलंही हाये. स्ट्रीट फायटर दोन १९९१ ची मशीन, १९९२ मंदी सुपर निन्टेन्डोवर आली. कॅसेट १६ मेगाबिटची, तेव्हाच्या हिशोबानं लयच मोठी. मशिनीवर सहा बटनं, रिमोटवर बी सहा. हादुकेन, म्हंजे हातातून फेकाचा गोया, जसाच्या तसा निंगे. आन् निओ जिओवाल्यायनं तं १९९० मंदी पार्लरची मशीनच डब्यात घालून आणली. आतले आयसी थेच, गेम थेच. पण एका कॅसेटले दोनशे डॉलर लागत. आपल्या इकडं थ्या पैशात गोऱ्हा आला असता.

जत्रेचा तंबू

शेंगताई, मोबाईलबद्दल एक. बोटाखाली काच असते, दांडी नसते. खेळून बघ आणि मग यात्रेत कुठं जुनी मशीन दिसली तर तिथं खेळ. आता क्वचितच दिसते.

पऱ्हाटी

मंडळी, डबा चालू झाला!

सोल्डरवालाभाऊंनी सांगितलं तसंच. डाव्या पायावर नऊ पूर्णांक दोन, उजव्यावर शून्य. दारव्ह्याहून ७८०५ आणला, दुकानदारानंच बसवून दिला. काळा थेंब आहे. कॅसेटच्या पट्ट्या पुसल्या तर बोळा शेवाळासारखा हिरवा झाला.

टीव्ही एलईडीच आहे. पिवळी आणि पांढरी पिन लावली. कॅसेट बसवली, स्विच सरकवला, आणि ते संगीत वाजलं. संथ. आमचं. आई माजघरातून म्हणाली, "लागला का रे?" तिनं अठ्ठावीस वर्षांनी आवाज ओळखला.

भाचा आणि मी बसलो. मंत्र त्याला येत होता, मला बोटांनी येत होता, तोंडानं सांगता आला नाही. दोघं धबधब्यापर्यंत गेलो. तिथं मी घाईनं वर चढलो आणि पडदा माझ्यासोबत वर सरकल्यानं तो खाली राहून मेला. हे माझ्या चुलतभावासोबत मी शंभरदा केलं असेल. भाच्यानं अगदी चुलतभावासारखंच वळून पाहिलं.

भाऊ, पानं हलत नाहीत. मी पाच मिनिटं नुसता झाडाखाली उभा राहून पाहिलं.

सोल्डरवाला

मग तुमची कॅसेट अमेरिकी आवृत्तीवरून भरलेली आहे. जपानच्या फॅमिकॉमवर कॉन्ट्रा आला तेव्हा कोनामीनं कॅसेटमध्ये स्वतःची एक खास चिप घातली होती. तिच्या जोरावर जंगलात पानं डोलतात, बर्फाच्या लेव्हलला बर्फ उडतो, लेव्हलच्या मध्ये नकाशा आणि गोष्टीची चित्रं येतात. अमेरिकेत साधी कॅसेट वापरली, म्हणून हे सगळं गाळलं. नकल करणाऱ्यांना साधी कॅसेट बनवायला सोपी, ती आपल्याकडे आली. माझ्या दुकानात इतक्या वर्षांत हलत्या पानांचा कॉन्ट्रा दोनदाच आला. दोन्ही वेळा मी गिऱ्हाईकाला थांबवून ठेवून पाहत बसलो.

संत्राबाग

म्हणजे कॉन्ट्राचीही एक ५० मीटरची लेव्हल होती म्हणायची.

पऱ्हाटी

ताई, हो. आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, फक्त एकदा ती पानं बघायची आहेत.

आता शेवटचं काम राहिलं. बंदूक. वायर जोडली, ट्रिगर टिकटिक करतो, पण एकही बदक पडत नाही. आईला बदकांची गेम लावून द्यायची आहे. ती कापूस वेचून आली की हातपाय धुऊन आधी दहा बदकं मारायची, मग चूल पेटवायची. आमच्यापेक्षा तिचा नेम चांगला होता.

सोल्डरवाला

एलईडीवर ती बंदूक कधीच चालणार नाही, वायर कितीही चांगली जोडा. बंदूक काही सोडत नाही, ती बघते. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. नळीतल्या डोळ्याला तो उजेड त्याच क्षणी दिसला तर बदक पडलं. जुन्या डब्बा टीव्हीत चित्र लगेच उमटतं. एलईडी चित्र आधी साठवतो आणि थोडं उशिरा दाखवतो, तोवर डोळा मिटलेला असतो. शिवाय नळीच्या टीव्हीचा उजेड ज्या झपाट्यानं लुकलुकतो, तीच लुकलुक तो डोळा ओळखतो. तुम्हाला डब्बा टीव्हीच पाहिजे. चौदा इंची पुरे.

पऱ्हाटी

आमचा भंगारवाल्याला दिला, दोन वर्षांपूर्वी. दारव्हा, दिग्रस, नेर या भागात कोणाकडे चालू डब्बा टीव्ही असेल तर सांगा. मी गाडी घेऊन येतो. पोळ्याच्या आत मिळाला तर फार बरं.

तुरीची शेंग

मी नेरची. आमच्या आजोबांच्या खोलीत चौदा इंची आहे, चालतो. रंग थोडा हिरवट दिसतो. आजोबांना विचारलं, ते म्हणाले घेऊन जा म्हणा, पण एक दिवस इथं बसून दाखवा आधी ती बंदूक कशी चालते.

पऱ्हाटी

शनिवारी सकाळी येतो. आईलाही घेऊन येतो.